दात मुलूख सांगतो, नाव नाही

पंजाबातल्या अजनाळ्याच्या विहिरीतले १८५७ चे शिपाई ‘ओळखले गेले’, असं २०२२ पासून छातीठोकपणे सांगितलं जातं. बनारस हिंदू विद्यापीठातल्या (बीएचयू) जनुकशास्त्रज्ञांचं नावही त्यासोबत घेतलं जातं. पुढची मागणी मग ओघानंच येते. आता एकेका सांगाड्याचं नाव काढा, गाव काढा, आजचे वारस हुडका आणि अस्थी त्यांच्या ओंजळीत द्या. अमेरिकेत चाळीस-चाळीस वर्षं निनावी राहिलेल्या प्रेतांना डीएनएवरून नावं मिळतात, तर आपल्याला काय अडचण? आणि या सगळ्यावरचा रामबाण म्हणून देशाची डीएनए बँक. प्रेत गंगेत वाहत आलेलं असो, रुळाशेजारी सापडलेलं असो की १८५७ सालचं असो, नमुना टाकला की नाव बाहेर.

असं म्हणणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, त्यांच्या हिशोबाबद्दल आहे. मेलेला माणूस कुठल्या मुलखातला हे सांगणं आणि तो कोण हे सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांना लागणारं सामान वेगळं आणि त्यांचे धोकेही वेगळे. पहिलं काम बनारसच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तम केलं. दुसरं त्यांनी केलेलं नाही. ते आपोआप होईल अशी समजूत करून घेणं मात्र घातक आहे.

जे झालं ते आधी नीट मांडू. लाहोरजवळच्या मियां मीर छावणीतल्या २६व्या बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीची हत्यारं मे १८५७ मध्येच काढून घेतली होती. ३० जुलैला ही पलटण उठली आणि शिपाई रावीच्या दिशेनं पळाले. कोणी नदीत बुडाले, कोणी काठावर मारले गेले. २८२ जणांना पकडून अजनाळ्याला आणलं. अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर यानं १ ऑगस्टला, बकरी ईदच्या दिवशी, त्यांना थोड्याथोड्यांच्या टोळ्यांनी बाहेर काढून गोळ्या घालायला सुरुवात केली. २३७ झाले तेव्हा उरलेले कोंडून ठेवलेल्या बुरुजातून बाहेर येईनात. दार उघडलं तर आत ४५ जण उष्म्यानं आणि गुदमरून मेलेले. सगळी प्रेतं जवळच्या कोरड्या विहिरीत गेली. हे आकडे आपल्यापर्यंत आले, कारण कूपरनं १८५८ मध्ये यावर पुस्तक छापलं आणि त्यात केलेल्या कामाची प्रौढी मिरवली.

२०१४ मध्ये गावकऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी ती विहीर उकरली. ते शास्त्रशुद्ध उत्खनन नव्हतं. हाडं मोडली, एकमेकांत मिसळली, कुठला जबडा कुठल्या कवटीचा हे सांगणं अवघड झालं. वाचले ते दात, आणि तेही हजारोंनी. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले जे. एस. सेहरावत यांनी ते हाती घेतले. मग हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्र संस्था, लखनौची बिरबल साहनी संस्था आणि बीएचयूचे ज्ञानेश्वर चौबे या कामात आले. ५० नमुन्यांच्या डीएनएचा आणि ८५ जणांच्या दातांतल्या ऑक्सिजनचा अभ्यास झाला.

ही ऑक्सिजनची पद्धत मला फार आवडते. कायमच्या दातांचं कवच लहानपणी घडतं आणि पुढे बदलत नाही. त्या वयात मूल जे पाणी पितं, त्यातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण कवचात अडकून राहतं, आणि ते पाणी कुठलं यावर हे प्रमाण बदलतं. माणूस पुढे कुठेही चाकरीला जावो, दाढेत लहानपणचं पाणी राहतं. अजनाळ्याच्या दातांनी सांगितलं की ही माणसं त्या भागात वाढलेली नाहीत. डीएनएनं त्याला दुजोरा दिला. त्यातली आईकडून येणारी वंशरेषा गंगेच्या खोऱ्यातल्या लोकांशी जुळत होती, पंजाब किंवा त्याच्या पश्चिमेकडच्या लोकांशी नव्हे.

याचं मोल कमी नाही. हे सांगाडे १९४७ च्या दंगलीत मारल्या गेलेल्यांचे आहेत, असं मानणारा मोठा वर्ग होता. त्या समजुतीला या कामानं पुराव्यानिशी उत्तर दिलं. फाळणीत अजनाळ्याच्या आसपास मारली गेलेली माणसं त्या मुलखातली असती, त्यांच्या दातांत गंगेच्या खोऱ्यातलं पाणी निघालं नसतं. कूपरचा वृत्तांत, विहिरीतली कंपनी सरकारच्या काळातली नाणी आणि हे दात हे तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. ज्यांना अजूनही संशय आहे त्यांनी आपला पुरावा मांडावा.

पण या अभ्यासाच्या निबंधात एकाही माणसाचं नाव नाही. असूही शकत नव्हतं. तिथे ओळखली गेली ती पलटण, आणि पलटणीचं नावही डीएनएनं सांगितलेलं नाही, ते कूपरच्या पुस्तकातून आलं. दातांनी त्या पुस्तकाला साक्ष दिली.

कागद आणि हाड यांचं हे नातं आपल्या जवळच, गोव्यात, आणखी स्पष्ट दिसतं. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासनं शिराझला हालहाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्यात आणले. जुन्या पोर्तुगीज कागदांत नोंद होती की मठाच्या सभा-प्रार्थनागृहात दुसऱ्या खिडकीपाशी काळ्या दगडाच्या पेटीत ते ठेवले आहेत. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन चर्चच्या पडक्या अवशेषांत भारतीय पुरातत्त्व खात्याला एक हाड मिळालं ते ही खिडकी शोधताशोधता. मग सीसीएमबीनं त्याचा डीएनए तपासला. मिळालेली मातृरेषा भारतातल्या हजारो नमुन्यांत सापडत नाही, जॉर्जियात सापडते. एवढ्या भक्कम पुराव्यानंतरही शास्त्रज्ञांनी निबंधाच्या मथळ्यात ‘बहुधा’ हा शब्द ठेवला. २०२१ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी तो अवशेष तिबिलिसीत सुपूर्द केला, तेव्हा बातम्यांतून तो ‘बहुधा’ गळून पडला होता. शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेला शब्द समारंभात हरवतो, हे आपल्याकडे नेहमीचं आहे.

१८५७ च्याच एका शिपायाला नाव मिळालं ते तर नुसत्या चिठ्ठीवरून. सियालकोटच्या ४६व्या पलटणीतला हवालदार आलम बेग. त्याची कवटी १९६३ मध्ये इंग्लंडातल्या केंट परगण्यात एका दारूच्या गुत्त्यात सापडली, आणि डोळ्याच्या खोबणीत खुपसलेल्या कागदावर तो कोण आणि त्याला कसं मारलं हे लिहिलेलं होतं. किम वॅग्नर या इतिहासकारानं त्यावर पुस्तक लिहिलं. चिठ्ठी नसती तर जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला ती कवटी ‘उत्तर भारतीय पुरुष, वय तिशीच्या आसपास’ याच्या फार पुढे नेता आली नसती.

आता अमेरिकेच्या दाखल्याकडे येऊ, कारण प्रतिपक्षाची सगळी भिस्त त्यावर आहे. एप्रिल २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘गोल्डन स्टेट किलर’ पकडला गेला. बार्बरा रे-व्हेंटर या वंशावळी अभ्यासक बाईंच्या मदतीनं जुन्या गुन्ह्यातला नमुना जीईडीमॅच या खुल्या संग्रहाशी ताडून पाहिला गेला. गुन्हेगार स्वतः तिथे नव्हता, त्याचे दूरचे नातलग होते. त्यांच्यावरून पाच-सहा पिढ्या मागे जाऊन सामाईक पूर्वज काढले. तिथून जनगणनेची पानं, मृत्युलेख आणि विवाहनोंदी चाळत पुन्हा खाली उतरले, तेव्हा एका माणसापाशी येऊन थांबता आलं. त्याच वाटेनं ‘डीएनए डो प्रोजेक्ट’ ही संस्था निनावी मृतांना नावं मिळवून देते. काम खरं आहे आणि मोलाचं आहे, याबद्दल वाद नाही.

पण या यशात प्रयोगशाळेचा वाटा किती? पोलिसांच्या नेहमीच्या चाचणीत डीएनएमधली वीस-पंचवीस ठिकाणं पाहतात, इथे सहा-सात लाख पाहतात. खर्च वाढतो, पण ते कोणीही करू शकेल. जे कोणीही करू शकत नाही ते म्हणजे आपल्या खुशीनं, हौसेनं थुंकी पाठवणारी लाखो माणसं उभी करणं आणि दीडशे-दोनशे वर्षांच्या नावानिशी नोंदी हाताशी असणं. यानिव एर्लिक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की १२.८ लाख लोकांच्या संग्रहात युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपैकी सुमारे ६० टक्के लोकांचा तिसऱ्या फळीतला किंवा त्याहून जवळचा चुलत नातलग सापडतो. हा टक्का एका विशिष्ट समाजाचा आहे. बलियाच्या किंवा गाझीपूरच्या माणसाला त्या संग्रहात कोण मिळणार? तिकडे स्थायिक झालेला एखादा इंजिनिअर.

१८५७ ला फार पिढ्या लोटल्या, आता नातं दिसणारच नाही, असा एक आक्षेप घेतला जातो. तो माझ्या बाजूचा असला तरी मला मान्य नाही. सांगाडा स्वतः १८५७ चा आहे, त्यामुळे अंतर एकाच बाजूनं मोजायचं. शिपायाच्या सख्ख्या भावाचा आज सत्तरीत असलेला वंशज घेतला, तर दोघांत सरासरी दीड टक्क्याच्या आसपास डीएनए सामाईक निघेल. आजच्या तंत्राला एवढं पुरतं. अडचण दोन वेगळ्याच जागी आहे.

पहिली म्हणजे विहिरीत दीडशे वर्षं कुजलेल्या दातातून जे सहज हाती लागतं ते मातृरेषेचं डीएनए, कारण त्याच्या प्रती पेशीत शेकड्यांनी असतात. ही रेषा आईकडून मुलीला, मुलीकडून नातीला जाते. शिपायाची रेषा आज कोणात असेल, तर त्याच्या बहिणीच्या मुलीच्या मुलीच्या मुलीत. आणि आपल्या नोंदी काय सांगतात? त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे नामावळी उघडून बसलेल्यांना ठाऊक आहे. लांबट अरुंद वही, जुन्या पानांवर मोडीतल्या सह्या, अमुकचा मुलगा तमुक, त्याचे पुत्र तीन, बंधू दोन, मुक्काम अमुक. काशी-गयेच्या पंड्यांच्या वह्यांची रीत तीच. आजोबा-पणजोबांची सही पाहून गळा दाटून येतो, मान्य. पण मुलगी एकदा लग्न होऊन गेली की त्या वहीतून बहुतेक वेळा गेलीच. ती सापडायची तर सासरच्या गावाच्या वहीत, दुसऱ्या उपाध्यायाकडे, बदललेल्या नावानं कोणाची तरी भार्या म्हणून. म्हणजे दात बोलतो ती आईची वाट, आणि वही जपते ती बापाची. युटाच्या वंशावळी संस्थेनं हरिद्वारच्या वह्यांचं सूक्ष्मचित्रण १९७०-८० च्या दशकात केलं. त्यानं वह्या टिकल्या, तरी त्यात न लिहिलेल्या बायका काही त्यात उमटल्या नाहीत.

दुसरी अडचण जातीची, आणि इथे मला प्रतिपक्षाशी खरं भांडायचं आहे.

आपण शेकडो वर्षं जातीतच लग्नं करत आलो आहोत. २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गटांत मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाला. त्या अभ्यासात सीसीएमबीचे कुमारसामी थंगराज होते, आणि अजनाळ्याच्या कामातही ते आहेत. अशा समाजात दोन अनोळखी माणसांचा डीएनए ताडला तर ती पाचव्या फळीची भावंडं असल्यासारखी दिसतात, आणि एकाच वेळी दहा बाजूंनी. अमेरिकेत जे तुकडे जुळले की पणजोबा सापडतो, ते इथे जुळले की जात सापडते. मामेबहिणीशी लग्न करायची आपल्याकडच्या अनेक समाजांतली रीत त्यात मिसळली की गुंता आणखी वाढतो. उत्तरेतल्या हिंदू समाजांत ती रीत सहसा नाही, एवढाच काय तो बनारसच्या शास्त्रज्ञांना दिलासा.

म्हणून डीएनएवरून वंश शोधायची ही पद्धत भारतात जशीच्या तशी आणली, तर तिचं पहिलं पीक व्यक्तीच्या नावाचं येणार नाही. ‘मृत अमुक समाजाचा दिसतो’, ‘संशयित तमुक समाजातला असावा’ अशा शेऱ्यांचं येईल. ज्या देशात इंग्रजांनी १८७१ मध्ये आख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या आणि ज्या देशात आजही पारधी वस्तीवर पोलिसांची गाडी कशी येते हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही, तिथे हा शेरा कोणाच्या हाती पडेल याचा विचार आधी व्हायला हवा. ‘लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कसली?’ असं विचारणारा बहुतेक वेळा ज्याच्या दारावर पोलीस थाप मारत नाहीत असा असतो.

ही माझी एकट्याची बडबड नव्हे. २०१९ च्या डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयकावर संसदेच्या स्थायी समितीनं २०२१ मध्ये अहवाल दिला, त्यात एखाद्या जातीचा वा समाजाचा गुन्ह्याशी चुकीचा संबंध जोडला जाण्याची भीती नोंदवलेली आहे. ते विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यात बँकेच्या पाच सूच्या होत्या: गुन्ह्याच्या जागेवरचे नमुने, संशयित आणि कच्चे कैदी, गुन्हेगार, बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत. एकाच कपाटाचे पाच खण. हरवलेल्या मुलासाठी रक्त देणारी आई आणि चोरीचा संशयित यांच्यात फक्त एक फळी. माझा विरोध त्या सामाईक कपाटाला आहे, आईनं रक्त देण्याला नाही.

आणि रक्त एक जण देतो, पण भावकी सगळी येते. न्यू जर्सीतल्या आतेबहिणीनं हौसेनं संच मागवला की साताऱ्यातले चुलते, त्यांची मुलं, न जन्मलेली नातवंडं सगळी अंशतः त्या संग्रहात जाऊन बसली. त्यांना कोणी विचारलं? ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती फुटली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा आपली थुंकी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न तिकडच्या मराठी घरांतही विचारला गेला असेल.

यावर मला हमखास अहमदाबाद ऐकवलं जातं. १२ जून २०२५ च्या विमान अपघातात ओळखण्यापलीकडे जळालेल्या माणसांना डीएनएनं दोन-तीन आठवड्यांत नावं दिली. खरं आहे. पण ते कसं जमलं? विमानात कोण होतं याची यादी होती. मरणाऱ्यांचे आईबाप, मुलं, भावंडं दुसऱ्या दिवशी रांगेत उभी राहून रक्त देत होती. तिथे बँक लागली नाही, वंशावळ लागली नाही, कोणाची जात काढावी लागली नाही. त्याउलट मे २०२१, कोविडची दुसरी लाट. बक्सरजवळ चौसाला गंगेतून ७१ प्रेतं काढली गेली, वर गाझीपूरला आणखी निघाली. चौसाच्या प्रेतांचे डीएनए नमुने घेतल्याचं तेव्हा प्रशासनानं सांगितलं होतं. ते ताडायचे कोणाशी? नदीकाठच्या कुठल्या जिल्ह्यानं पुढे होऊन ‘तुमचं कोणी हरवलं असेल तर या’ अशी दवंडी पिटली? मृतांची मोजदाद करायचीच ज्यांना धास्ती वाटत होती, ते नावं कशाला शोधतील? तिथे तंत्र कमी पडलं असं म्हणणं हा त्या अधिकाऱ्यांवर केलेला उपकार आहे.

बनारससारख्या शहरात हे रोजचं आहे. मरायला किंवा तीर्थाला दूरदूरहून माणसं येतात आणि त्यातली काही निनावी मरतात. अनोळखी प्रेत ७२ तास ठेवायचं, पंचनामा करायचा, फोटो काढायचा, मग अग्नी द्यायचा. फोटो धड निघाला का, गोंदण, जुनी जखम, दात, कपड्यावरचा शिंप्याचा शिक्का लिहून घेतला का, शेजारच्या राज्यातल्या बेपत्तांच्या यादीशी तो कोणी लावून पाहिला का? यातल्या कशालाच जनुकशास्त्र लागत नाही. एक दाढ काढून जपून ठेवली तर पुढे कधी विचारत आलेल्या भावाच्या रक्ताशी ती ताडता येईल, आणि एवढ्यापुरता डीएनए माझ्याही मते सक्तीचा असावा. देणाऱ्याचा नमुना फक्त त्याच कामी वापरायचा आणि जुळणी झाली की नष्ट करायचा, असं कायद्यात लिहून.

राहता राहिले अजनाळ्याचे २८२. त्यांची नावं हवीत ही मागणी रास्त आहे आणि ती मागायची जागाही आहे. कंपनीच्या फौजेत शिपाई भरती होताना त्याचं नाव, बापाचं नाव, जात, गाव, परगणा लिहून घेत. कंपनीचे कागद पुढे इंडिया ऑफिसकडे गेले, ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, काही दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. २६व्या पलटणीचे पट तिथे शाबूत असतीलच असं नाही, पण नसतील तर तसं कोणीतरी शोधून, सही करून सांगायला हवं. फारसी आणि जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचणाऱ्या दोघातिघांना वर्षभर बसवायचा खर्च डीएनए बँकेच्या इमारतीच्या कोनशिलेइतकाही होणार नाही. यादी हाती आली आणि एखाद्या गावात एखादं घर ‘हा आमचा’ म्हणून पुढे आलं, तर बीएचयूच्या प्रयोगशाळेनं त्या घराचं रक्त आणि विहिरीतले दात जरूर ताडून पाहावेत. गाझीपूर, बलिया, आरा ही गावं तिथून काही लांब नाहीत.